समासातली विहीर

हूमत सूकच्या बाजारात मेहरेझला त्याच्या नावानं हाक मारणारी माणसं थोडी. बाकी सगळे त्याला ‘अंगठेवाला’ म्हणत. मासळीच्या लिलावात तो जाऊन उभा राहिला की उंच खुर्चीवरचा लिलाववाला हमखास एखादा ऑक्टोपस वर धरून विचारायचा, “अंगठेवाले, याचा ठसा घेऊन टाका, आठही पायांचा.” मेहरेझ भुवया चढवून पुढे जायचा, पण मनातून त्याला ते नाव आवडत होतं. अख्ख्या जेर्बा बेटावर ते काम करणारा दुसरा कोणी नव्हता, आणि दुसरा कोणी नसणं ही मेहरेझची जगातली सगळ्यात आवडती गोष्ट होती.

ठसे घ्यायचे ते पोथ्यांच्या फोटोंचे. हाज अय्यूब यांचं पोथीघर आमच्याकडे कोणालाही विचारा, दाखवतील. चुन्यानं पांढरी केलेली घुमटाची खोली, तिला एकच दार, आत लाकडी पेट्या आणि पेट्यांमधून हाजच्या पणजोबा-खापरपणजोबांनी लिहिलेल्या, विकत घेतलेल्या, नकलून काढलेल्या पोथ्या. समुद्राच्या दमट वाऱ्यानं आणि वाळवीनं त्यातल्या काही खाल्ल्या, तेव्हा हाजनं सगळ्यांचे फोटो काढून ठेवायचं मनावर घेतलं आणि शाळेची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मेहरेझला बोलावलं. पान न् पान टिपण्यात मेहरेझचे केस गेले. हे तो स्वतःच सांगे, डोक्यावरची लाल टोपी काढून, पुरावा दाखवल्यासारखं.

फोटो काढला की काम संपलं असं लोकांना वाटतं. मेहरेझच्या मते काळजी तिथून सुरू होते. कागदाला वाळवी लागली तर दिसते तरी. फाइल आतून किडली तरी बाहेरून तशीच गुटगुटीत राहते, आणि ज्या दिवशी उघडायला जावं त्या दिवशी अर्धं पान करडं निघतं. या डिस्कवरून त्या डिस्कवर नेताना काही सांडलं का, कोणी चुकून हात लावला का, हे डोळ्यांना कळायची सोय नाही. म्हणून तो प्रत्येक फाइलचा ठसा घेई. एक प्रोग्रॅम फाइलचा कण न् कण वाचतो आणि शेवटी अक्षरांची न् आकड्यांची एक लांबलचक ओळ काढून देतो. संगणकवाले तिला हॅश म्हणतात. फाइल तीच असेल तर ओळ तीच येणार, आज काढा नाहीतर दहा वर्षांनी. आणि पानावरचा एक ठिपका जरी हलला तरी ओळीतलं एखादंच अक्षर बदलून भागत नाही, सगळी ओळच परकी होऊन जाते. जुन्या ओळी जपून ठेवायच्या, नव्या काढायच्या आणि दोन्ही जुळतात का पाहायचं. हाजचं सगळं चंद्रावर चालत असल्यामुळे ही तपासणी नवा चंद्र दिसल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी व्हायची.

पहिल्यांदा हे हाजच्या गळी उतरत नव्हतं. मग मेहरेझनं त्यांना जुन्या रीतीची आठवण करून दिली. पोथीची नक्कल झाली की दोघं समोरासमोर बसत. एक जण मुळातून मोठ्यानं वाची, दुसरा नकलेवर बोट ठेवून ऐके, आणि जिथं थांबत तिथं समासात ‘इथवर ताडून पाहिलं’ अशी खूण करत. हाजनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे तुझं यंत्र तेच करतं, फक्त मधेमधे चहा मागत नाही.” त्या दिवसापासून त्यांनी परत शंका काढली नाही.

मेहरेझनं एक नियम मात्र केला होता आणि भिंतीवर चिकटवला होता: मूळ फाइल कोणीही उघडू नये. ज्याला वाचायचं त्यानं लहान प्रतीवर वाचावं. हा नियम त्यानं इतक्यांना इतक्यांदा ऐकवला होता की हाजच्या घरची मांजरसुद्धा संगणकाच्या टेबलावर चढताना इकडेतिकडे बघायची.

एवढं सगळं करून मेहरेझ पोथीघराच्या दाराशी उभा असायचा. हे नीट समजून घ्यायला हवं. हाज आत गादीवर बसायचे, ऐंशी ओलांडलेले, डोळे जवळजवळ गेलेले, गळ्यात लोकरीच्या दोऱ्यात लोखंडी चावी. मेहरेझ दाराशी उभा राहून काय झालं ते सांगायचा, हाज मान हलवायचे, बरं म्हणायचे. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि मेहरेझला त्यात काही कमी वाटत नव्हतं. दाराच्या आत जाणारं दुसरं कोणीच नव्हतं ना.

मग वसंतात सिरीन आली.

सिरीन म्हणजे जुमा विणकराची मुलगी. ट्युनिसला जुनी हस्ताक्षरं वाचायला शिकली, विद्यापीठानं तिला पोथ्यांची यादी करायला पाठवलं आणि तिच्यासोबत एक नवाकोरा संगणक धाडला. मेहरेझचा जुना संगणक त्याच दिवशी कोपऱ्यात गेला. तेवढ्यावर भागलं असतं तर त्यानं सोसलं असतं. पण चौथ्या दिवशी हाजनं आपल्या शेजारी गादीवर हात थोपटला आणि सिरीनला म्हणाले, “इथं बस पोरी, लांबून ऐकू येत नाही.”

मेहरेझ दाराशी उभा होता. त्यानं ते थोपटणं पाहिलं.

त्यानंतर तो जळू लागला, आणि एकदा जळू लागल्यावर त्याला जळायला कारणं कमी पडेनात. हाजनं तिला खऱ्या पोथ्या उघडू दिल्या. स्वतः चावी लावून पेटीतून काढून मांडीवर दिल्या. ती त्यांना मजकूर वाचून दाखवत नसे, तो तर हाजना पाठच होता. ती वाचायची समासातल्या नोंदी. आमच्याकडच्या जुन्या पोथ्यांत समासाची जागा कोणी मोकळी सोडत नसे. कोणाचा जन्म, कोणती बकरी व्याली, कधी वारा उलटला आणि होड्या निघाल्या नाहीत, खोकल्यावर काय घ्यावं, सगळं तिथं. तेही तिरकं, आडवं, कधी पार उलटं, कारण जागा मिळेल तसं लिहायचं आणि वाचणाऱ्यानं मांडीवर पोथी फिरवायची. सिरीन पोथी फिरवत वाचायची आणि हाज हसायचे. ते हसू मेहरेझनं आजवर कधी ऐकलं नव्हतं. आत काय चाललंय ते कळावं म्हणून तो बाहेरच्या खोलीत संगणकाचा पंखा बंद करून बसायचा.

आणि चहा. तिच्या चहात बदाम असायचे, याच्या चहात नुसता पुदिना.

“तिच्या पेल्यात बदाम असतात,” तो घरी बायकोला म्हणाला. बायको महबूबा तेव्हा जेर्बी भात उकडायला लावत होती, पालक, यकृत, सुकं मांस घालून, त्याच्या आवडीचा.

“म्हणून तू जेवत नाहीस? थांब, भातात घालते बदाम.”

“घरचे बदाम नकोत मला.”

“मग हाजला सांग, मलाही दे म्हणून. पन्नाशी उलटली तुझी, आणि शेजारच्या पोरासारखा ‘तिला दिलं, मला नाही’ करतोस.”

बायकोला सगळं कळत नव्हतं, किंवा कळत होतं आणि ती ते चहावर ढकलत होती. खरं दुखणं चावीचं होतं. हाजची मुलं पॅरिसला वाण्याची दुकानं चालवतात. थोरल्या नूरीनं बापाला कळवलं होतं की उन्हाळा सरला की तुम्ही आमच्याकडे या, डोळ्यांचं बघू, आता एकटं राहायचं नाही. हाज कबूल झाले होते. जाण्याआधी गळ्यातली चावी ते कोणाच्या तरी हातात देणार होते आणि ज्याच्या हातात देतील, पोथीघर त्याचं. गेल्या हिवाळ्यापर्यंत हा प्रश्नच नव्हता. आता बाजारात लोक विचारू लागले होते, “काय अंगठेवाले, चावी तुम्हालाच ना?” आणि त्या ‘ना’मध्ये मेहरेझला सिरीन ऐकू यायची.

गुरुवारी न् शुक्रवारी सिरीन बेटाबाहेर, मेदनीन शहरात शिकवायला जायची. मेहरेझनं ठरवलं, त्या दोन दिवसांत आपणही वाचायचं. त्याला काही अक्षरशत्रू म्हणता यायचं नाही. वडील मशिदीत मुलांना शिकवत, जुनी अक्षरं त्यानं लहानपणी गिरवली होती. पण पोथी मागायची तर हाजकडून मागावी लागणार, आणि मेहरेझला मागायचं नव्हतं, त्याला एकदम वाचून दाखवायचं होतं. म्हणून तो दुपारी हाज पडलेले असताना संगणकापुढे बसला. लहान प्रतीत समासातली अक्षरं मुंगीएवढी, काही लागेना. मग त्यानं इकडं तिकडं पाहून मूळ फाइल उघडली. नुसती बघायला, असं तो स्वतःला म्हणाला. भिंतीवरचा नियम त्याच्या मागच्या बाजूला होता.

मूळ पान लख्ख होतं. नोंद आडवी होती. मांडीवर पोथी असती तर फिरवली असती, तसं त्यानं फिरवायचं बटण दाबलं, पान आडवं झालं, नोंद सरळ झाली, त्यानं वाचली, कागदावर उतरवून घेतली आणि खिडकी मिटली. जुना संगणक अशा वेळी ‘बदल ठेवायचा का?’ असं विचारायचा, मग नाही म्हणावं लागायचं. नवा काहीच विचारत नव्हता. निदान एवढं तरी या यंत्रात बरं आहे, असं मेहरेझला वाटलं.

पहिल्याच फेरीत त्याला घबाड लागलं. प्रार्थनेच्या एका पोथीत हाजच्या पणजोबांच्या हातची नोंद होती. हाज उठून बसल्यावर तो दाराशी उभा राहून म्हणाला, की हाज, मलाही एक सापडलंय. आणि त्यानं वाचलं: “शेजारी हम्मूच्या विहिरीला गोड पाणी लागलं. माझ्या विहिरीच्या पाण्याला उंटसुद्धा तोंड लावून सोडून देतो. हे ईश्वरा, मला हेव्यापासून वाचव. ते जमत नसेल तर त्याची विहीर तरी खारट कर.”

हाजचे आधी खांदे हलू लागले, आणि मग ते इतके हसले की टोपी मांडीवर पडली. “परत वाच,” ते म्हणाले. मेहरेझनं परत वाचलं. हाजनं गादीवर हात थोपटला. त्या दुपारी मेहरेझच्या चहात बदाम होते. त्यानं ते चावले नाहीत, एकेक करून तोंडात घोळवत राहिला.

मग दर गुरुवारी न् शुक्रवारी तो काहीतरी नवं वाचू लागला. बायकोला म्हणाला, हाज आता माझ्या आवाजाची वाट बघतात. ते खरंही होतं. पण सोमवार उजाडला की सिरीन परत गादीवर, आणि मेहरेझ परत दाराशी. आपण दोन दिवस बसतो त्या जागेवर ती तीन दिवस बसते, हा हिशेब त्याला झोपू देईना.

नवा चंद्र दिसला. मेहरेझनं तपासणी लावली. नेहमी पडदा हिरव्या ओळींनी भरून जायचा, सगळं जुळलं, सगळं जुळलं. यावेळी मधेच लाल ओळ आली. मग आणखी एक. मग तीन एकामागोमाग. एकोणीस वर्षांत एकही लाल ओळ त्यानं पाहिली नव्हती. तो घाबरला. आणि त्या भीतीच्या मागोमाग एक आनंद आला, जो भीतीहून मोठा होता. नवा संगणक कोणाबरोबर आला? रोज त्यावर याद्या कोण टंकतं?

अशा वेळी काय करायचं ते मेहरेझनंच लिहून ठेवलं होतं. दुसरी प्रत मिदून गावात हाजच्या बहिणीच्या कपाटात, लोकरी चादरींच्या घडीखाली असे. ती आणायची, बदललेलं पान आणि जुनं पान शेजारी शेजारी ठेवायचं, काय बदललं ते डोळ्यांनी बघायचं आणि मगच बोलायचं. मेहरेझनं यातलं काही केलं नाही. सिरीन सोमवारी येईपर्यंत थांबला, एवढंच. तिच्या तोंडावर सांगायचं होतं त्याला.

सोमवारी त्यानं पानांचे क्रमांक वाचून दाखवले. मूळ फाइली कोणीतरी उघडून बदलल्यात म्हणाला. नाव घेतलं नाही, पण नाव घ्यायला खोलीत दुसरं होतं कोण? सिरीननं तो कागद मागून घेतला. बराच वेळ पाहिला. मग कागदावरून मेहरेझकडे पाहिलं.

“मी मूळ फाइल कधी उघडलेली नाही,” ती म्हणाली.

“मग पानं काय आपोआप बदलली?”

हाज तिच्या दिशेनं वळले. “पोरी, चुकून हात लागला असेल तर सांगून टाक. मी रागवणार नाही.”

“चुकूनसुद्धा नाही, हाज.”

“ठसे खोटं बोलत नाहीत,” मेहरेझ म्हणाला. हे वाक्य त्यानं रविवारीच तयार करून ठेवलं होतं.

हाज काही वेळ चावीशी चाळा करत राहिले. शेवटी म्हणाले, की तू काही दिवस येऊ नकोस. सिरीननं कागद परत दिला, पिशवी उचलली आणि दाराशी उभ्या मेहरेझच्या अंगावरून बाहेर गेली. हाज त्या दिवशी जेवले नाहीत. मेहरेझ घरी जाऊन पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी तो मिदूनहून डिस्क घेऊन आला, बदललेली पानं काढून त्या जागी चांगली ठेवायला. सहज म्हणून त्यानं एक जोडी शेजारी शेजारी उघडली. जुनं पान उभं होतं. बदललेलं पान तेच होतं, अक्षर न् अक्षर तेच, फक्त आडवं पडलेलं. त्यानं दुसरी जोडी उघडली. तेही आडवं. तिसरी उघडली आणि पडद्यावर सरळ, वाचायला अगदी सोयीची अशी हम्मूची विहीर आली.

मेहरेझला आधी कळलंच नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. नव्या संगणकानं विचारलं नव्हतं, कारण तो विचारतच नव्हता, फिरवलं की तसंच ठेवून देत होता. लाल ओळींचं पान न् पान त्यानं स्वतः वाचलं होतं. एकही त्याच्या वाचनाबाहेरचं नव्हतं. त्यानं क्रमांक खोलीत मोठ्यानं वाचले होते आणि स्वतःचेच वाचतोय हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्यावेळी तो कागदाकडे पाहतच नव्हता, सिरीनच्या चेहऱ्याकडे पाहत होता.

त्यानं चांगली पानं परत जागेवर ठेवली आणि तपासणी पुन्हा लावली. पडदा हिरवा झाला. सगळं जुळलं. आता जगातल्या कोणत्याही यंत्राला विचारा, इथं काही घडलंच नव्हतं. मिदूनच्या कपाटात सिरीनची काही दुसरी प्रत ठेवलेली नव्हती, एवढाच काय तो फरक.

तो कोणालाही काही बोलला नाही. दिवस गेले. हाज दोनदा म्हणाले, की पोरगी अशी वाटली नव्हती, आणि मेहरेझनं दोन्ही वेळा मान हलवली, आंधळ्या माणसापुढे. महबूबानं ताट परत नेताना विचारलं, “आता तर ती गेली ना? आता का जेवत नाहीस?” जागा मोकळी होती, गादी त्याची होती, पेल्यात रोज बदाम होते आणि ते कडू लागत होते.

जाण्याच्या आदल्या दिवशी हाजनं त्याला बोलावलं. गळ्यातली चावी काढून त्यांनी उशीवर ठेवली होती. “बस,” ते म्हणाले. “आधी ती विहीर एकदा ऐकव. तिकडे कोण वाचणार मला?”

मेहरेझनं खिशातून कागद काढला. पाठ होतं, तरी कागद धरला. हम्मूची विहीर गोड लागली, उंटानं तोंड लावून सोडलं, इथवर तो आला. “हे ईश्वरा, मला हेव्यापासून...” आणि तो तिथंच थांबला. त्यांना वाटलं, माझ्या जाण्यानं पोरगा गहिवरला. त्यांनी हात पुढे करून मेहरेझचा गुडघा शोधला आणि थोपटला. ते थोपटणं मेहरेझला सहन झालं नाही.

“हाज, पानं मी फिरवली,” तो म्हणाला. मग अडखळत सगळं सांगितलं. मूळ फाइल कशी उघडली, बटण, नवं यंत्र, मिदूनची डिस्क, आणि कळल्यानंतरही कसा गप्प राहिला ते.

हाजनं हात काढून घेतला.

“पान फिरलं ते चुकीनं, पोरा,” ते म्हणाले. “बोट दाखवलंस ते आनंदानं. मला दिसत नाही, पण त्या दिवशी तुझा आवाज ऐकला होता मी. मला वाटलं, पोथ्यांच्या काळजीनं चढलाय.” त्यांनी उशीवरची चावी चाचपून मुठीत घेतली. “जा, तिला घेऊन ये. तूच जायचं.”

जुमा विणकराचं मागाचं घर अर्धं जमिनीत आहे, आमच्याकडे असतात तसं. सिरीन तिथं बापाच्या मागापाशी बसून लोकरीची गुंडाळी करत होती. मेहरेझनं उभ्या उभ्या सांगितलं. म्हाताऱ्या जुमानं माग थांबवला आणि उठून बाहेर गेला. जाताना मेहरेझच्या सलामाला त्यानं उत्तर दिलं नाही.

“मला त्याच दिवशी कळलं होतं,” सिरीन म्हणाली. “ती पानं तुम्ही वाचलेली. हाज दर सोमवारी मला तेच सांगायचे.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलंत, मेहरेझसाहेब. मला घालवायला. आणि माझं कोण ऐकणार होतं? तुमची एकोणीस वर्षं, माझा एक उन्हाळा.”

मुद्दाम नाही, चुकून झालं, हे सांगायला मेहरेझनं तोंड उघडलं आणि मिटलं. चुकून केलं म्हणून झालं ते काही कमी झालं नव्हतं, आणि मुद्दाम केलं असतं तरी तेवढंच झालं असतं. तिच्या बाजूनं पाहिलं तर त्यात काही फरक दिसत नव्हता.

“सोमवारी मी आले की काय व्हायचं ते सांगू?” ती गुंडाळी करत म्हणाली. “मी पोथी उघडायची आणि हाज म्हणायचे, शुक्रवारी मेहरेझनं काय वाचलं माहितेय? वाचता येतं म्हणून मला पाठवलेलं, आणि हसायचे ते तुमच्या विहिरीला. मीही जळत होते. पण मी कोणाचं नाव नाही घेतलं.”

सिरीन त्याच्याबरोबर आली आणि हाजनं चावी तिच्या हातात दिली. मेहरेझला म्हणाले, की ठसे तूच बघत जा, ते दुसऱ्या कोणाला जमणार नाही. त्यानं हो म्हटलं. पोथीघराचं दार त्या संध्याकाळी सिरीननं लावलं, कुलपात चावी फिरल्याचा आवाज मेहरेझनं ऐकला, आणि ती आपल्या हातून फिरली असती तर तो कसा वाटला असता हेही त्याच्या मनात आलं. माणूस एका दिवसात कितीसा बदलणार?

नव्या चंद्रानंतरच्या गुरुवारी सिरीननं मेदनीनची शिकवणी पुढे ढकलली आणि दार उघडायला आली. मेहरेझनं तपासणी लावली. सगळं जुळलं. तेवढ्यात पॅरिसहून फोन आला, तो तिच्या मोबाइलवर, आणि मेहरेझला खुपलंच. हाजनं तिकडच्या थंडीला शिव्या दिल्या, सुनेच्या हातच्या कुसकुसला शिव्या दिल्या आणि मग म्हणाले, “मेहरेझ आहे का तिथं? त्याला वाचायला लाव काहीतरी. त्याचा आवाज ऐकून किती दिवस झाले.”

सिरीननं पेटी उघडून एक पोथी त्याच्या मांडीवर दिली, फोन उशीवर ठेवला. मेहरेझनं हातानं पोथी फिरवली, आडवी नोंद सरळ झाली. “आज जावई आला,” त्यानं वाचलं. “तीन दिवस राहतो म्हणाला. आज सातवा. धान्याचे माठ बघतो आणि उसासे टाकतो. मीही टाकतो.” फोनमधून हाजचं हसू आलं, तेच, खांदे हलवणारं. “परत वाच,” ते म्हणाले.

परत वाचताना मेहरेझनं वर पाहिलं. सिरीन उठून दाराशी गेली होती. चौकटीला टेकून उभी होती, चावीचा दोरा बोटाला गुंडाळत, आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत ऐकत होती. तो चेहरा मेहरेझला ओळखीचा वाटला. वसंतापासून तो स्वतः तसाच चेहरा घेऊन त्याच चौकटीत उभा होता.

“हाज, पुढचं अक्षर लागत नाही मला,” तो म्हणाला. अक्षर स्वच्छ होतं. “सिरीन वाचेल.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग पानाकडे पाहिलं, आणि तिला कळलं. गादीवर येऊन बसली आणि वाचू लागली. जावयाची नोंद पुढे रंगत गेली होती आणि हाज मघापेक्षा मोठ्यानं हसले. मेहरेझला पोथी दिल्याचा लगेच पश्चात्ताप झाला. बाहेर चुलीवर चहा उकळला होता. तो उठला, दोन पेले मांडले, बदामांची पुडी सोडली आणि दोन्हींत अगदी सारखे बदाम पडतील याची फार काळजी घेत राहिला.